किती रिश्टर? : मॅग्निट्यूड आणि इन्टेन्सिटीतला फरक

भूकंपाची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "किती रिश्टर?" २०२४ मध्ये हिंगोलीला ४.५ चे धक्के बसले तेव्हाही तेच. नांदेड, परभणी, लातूर सगळीकडून मेसेज, आणि प्रत्येक मेसेजमध्ये तो एकच आकडा, ४.५ तीव्रता, ४.५ तीव्रता. मग कोणीतरी विचारणार, "अरे पण आमच्या इथे तर काहीच जाणवलं नाही, ४.५ कसा काय?" आणि दुसरा म्हणणार, "आमची तर भांडी पडली, हे लोक आकडा कमी सांगतात." दोघंही खरं बोलतायत. घोळ त्या 'तीव्रता' शब्दात आहे, कारण इंग्रजीत जिथे दोन वेगळे शब्द आहेत, मॅग्निट्यूड आणि इन्टेन्सिटी, तिथे आपण दोन्हीला तीव्रता म्हणून मोकळे होतो, आणि मग जो प्रश्न एकाला विचारायचा तो दुसऱ्याला विचारत बसतो.

मी लातूर जिल्ह्यातला, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता शब्दांचा नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात वाढलेल्या प्रत्येकाला भूकंप म्हटलं की पोटात काहीतरी होतंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॅग्निट्यूड म्हणजे जमिनीखाली खडक तुटला, सरकला, त्यात एकूण किती मोठी घटना घडली त्याचं माप. एका भूकंपाला मॅग्निट्यूड एकच. तुम्ही किल्लारीत असा, पुण्यात असा नाहीतर टोकियोत, तो आकडा बदलत नाही. इन्टेन्सिटी म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथे जमीन किती हलली आणि त्याने माणसांचं, वस्तूंचं, घरांचं काय झालं. ती गावागणिक बदलते, कधी कधी एकाच गावात नदीकाठच्या वस्तीत एक आणि टेकाडावर दुसरी. म्हणजे एका भूकंपाच्या इन्टेन्सिटी शेकडो असू शकतात.

गणपतीतलं ढोल-ताशा पथक डोळ्यासमोर आणा. पथकात किती ढोल आहेत हा आकडा एकच. पण पथकाला खेटून उभा असलेल्याच्या छातीत धडधड होते, चार गल्ल्या पलीकडे खिडकी लावून बसलेल्याला नुसती घुमघुम येते, आणि दोन्ही बाजूंनी उंच भिंती असलेल्या अरुंद बोळात लांब असूनही आवाज जास्त घुमतो. ढोलांची संख्या म्हणजे मॅग्निट्यूड, तुमच्या कानावर काय आदळलं ती इन्टेन्सिटी. त्या बोळाची गोष्ट पुढे परत लागणार आहे.

आता मोजतात कसं ते बघा, कारण खरा फरक तिथेच कळतो. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियात बेनो गुटेनबर्ग यांच्या साथीने जे माप काढलं ते एका ठराविक प्रकारच्या यंत्रावर, वुड-अँडरसन सिस्मोग्राफवर, कागदावर रेघ किती हलते त्यावर होतं. भूकंपापासून १०० किलोमीटरवर असलेल्या यंत्राची रेघ १ मिलिमीटर हलली तर तो ३ चा भूकंप, १० मिलिमीटर हलली तर ४ चा, १०० मिलिमीटर हलली तर ५ चा. म्हणजे एक आकडा पुढे गेलं की रेघ दहापट. आणि एनर्जी? ती साधारण ३२ पट. दोन आकडे पुढे गेलं की हजार पट. हे डोक्यात नीट बसायला वेळ लागतो, कारण आपल्याला ४.५ आणि ६.२ हे जवळजवळचे आकडे वाटतात, परीक्षेत चार-साडेचार मार्क आणि सहा मार्क असल्यासारखे. प्रत्यक्षात ६.२ च्या भूकंपात ४.५ च्या भूकंपापेक्षा साडेतीनशे पट एनर्जी असते. आणि भुजचा २६ जानेवारी २००१ चा ७.७ चा भूकंप किल्लारीच्या ६.२ च्या पावणेदोनशे पट. त्यामुळे "४.५ ला काही झालं नाही, ६ आला तरी निभावून जाईल" असं जे लोक बोलतात ते ऐकलं की मला खरंच काळजी वाटते.

अजून एक. 'रिश्टर स्केल' हे किलो किंवा लिटरसारखं एकक नाहीच, त्यामुळे "६.२ रिश्टर स्केलचा भूकंप" या वाक्याला तसा अर्थ नाही. आणि आज मोठ्या भूकंपांसाठी रिश्टरचं मूळ माप कोणी वापरतही नाही. ते कॅलिफोर्नियातल्या जवळपासच्या भूकंपांसाठी होतं, मोठ्या भूकंपात ते थिटं पडतं, म्हणजे भूकंप कितीही वाढला तरी आकडा एका पातळीला येऊन थबकतो. १९७९ मध्ये टॉम हँक्स आणि हिरू कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञांनी मोमेंट मॅग्निट्यूड मांडलं. त्यात थेट हिशेब असतो, खडकाचा किती मोठा भाग तुटला, तो किती सरकला आणि तो खडक किती कडक होता. त्यामुळे एकाच किल्लारीच्या भूकंपाला कोणी ६.२ म्हणतं, कोणी ६.३, कोणी ६.४. कोणी लपवाछपवी करत नाही, मापं वेगवेगळी आहेत एवढंच. आणि हो, या मापाला वरची मर्यादा ठरलेली नाही. '१० पैकी किती' असा हा आकडा नाहीये. आत्तापर्यंत नोंदलेला सगळ्यात मोठा १९६० चा चिलीचा, ९.५.

इन्टेन्सिटीचं सगळंच वेगळं. तिला यंत्र नसलं तरी चालतं. इटलीच्या ज्युसेप्पे मर्काली यांनी १९०२ मध्ये जी मोजपट्टी दिली, पुढे सुधारत जी 'मॉडिफाइड मर्काली' झाली, आणि आपल्याकडे भारतात जी एमएसके (मेदवेदेव, स्पॉनहॉयर आणि कारनिक या तिघांच्या नावांवरून) म्हणून १९६४ ची मोजपट्टी वापरली जाते, त्या दोन्हीत एक ते बारा अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला वर्णन आहे. पाचव्या पायरीला झोपलेली माणसं जागी होतात, टांगलेल्या वस्तू चांगल्याच झुलतात, जनावरं बिथरतात. सहावीला लोक घाबरून बाहेर पळतात, ताटं-कपबशा फुटतात, पुस्तकं पडतात. सातवीला उभं राहणं अवघड होतं, गाडी चालवणाऱ्यालाही हादरा कळतो. आठवीला झाडांच्या फांद्या मोडतात, जड कपाटं सरकतात, कच्च्या बांधकामाची घरं मोठ्या संख्येने कोसळतात. बारावीला डोंगर-नद्यांचं रूपच पालटतं. हे आकडे मुद्दाम रोमन पद्धतीने लिहितात, मॅग्निट्यूडच्या आकड्यात मिसळू नयेत म्हणून. आपल्या पेपरात मात्र ती काळजी कोणी घेताना दिसत नाही.

म्हणजे इन्टेन्सिटी काढायला माणसाला गावोगाव फिरावं लागतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या चार मिनिटं आधी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मुख्य धक्का जवळून टिपेल असं जोरदार हादऱ्यांचं यंत्र त्या पट्ट्यात कुठेही नव्हतं. लांबच्या यंत्रांनी मॅग्निट्यूड दिलं. पण किल्लारीत, सास्तूरमध्ये, आजूबाजूच्या गावांत जमीन नेमकी किती हलली हे आज आपल्याला माहीत आहे ते शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर त्या गावांत पायी फिरले, पडलेल्या भिंती बघितल्या, उभ्या राहिलेल्या बघितल्या, वाचलेल्यांशी बोलले म्हणून. त्यातून निघालेली इन्टेन्सिटी आठ ते नऊ, आणि तीसुद्धा जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत. त्याच्या बाहेर ती झपाट्याने उतरते. भूकंप हैदराबाद-मुंबईपर्यंत जाणवला, तिकडे लोक दचकून उठले आणि परत झोपले. आकडा दोघांनाही तोच, ६.२.

कोयनेचं उलटं आहे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी तिथे भूकंप झाला, ६.३ ते ६.५, कोणाचा आकडा घेता त्यावर. तिथे धरणाच्या आतच बसवलेल्या यंत्राने हादरा टिपला, गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के एवढा. ती कोयनेची नोंद पुढे जगभरात इंजिनिअरिंगवाल्यांनी धरणांच्या अभ्यासात वापरली. आणि धरणाने पाणी अडवल्यामुळे भूकंप होऊ शकतो, याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून आजही कोयनाच सांगतात. असो, तो वेगळा विषय.

आता या दोन्ही भूकंपांचे आकडे शेजारी ठेवा. मॅग्निट्यूड जवळपास सारखं. जास्तीत जास्त इन्टेन्सिटीसुद्धा फार लांब नाही, दोन्हीकडे आठच्या आसपास. कोयनेत माणसं गेली सुमारे १८०. किल्लारीच्या भागात आठ ते दहा हजारांच्या घरात. म्हणजे इन्टेन्सिटीसुद्धा सगळं सांगत नाही. कोयनेच्या खोऱ्यात वस्ती विरळ होती हे एक. आणि दुसरं कारण म्हणजे आमच्याकडची माळवदाची घरं.

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिंती दगडाच्या, दोन-अडीच फूट, कुठे त्याहून जाड. बाहेरून बघितलं तर किल्ल्यासारखी मजबूत वाटणार. पण ती एक भिंत नसते, बाहेरचा एक थर आणि आतला एक थर, मध्ये बारीक दगड आणि माती भरलेली. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड क्वचितच. जोडायला चिखल. वर लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पाऊस गळू नये म्हणून दर दोन-चार वर्षांनी, पावसाळ्याआधी त्यावर परत माती टाकायची. आजोबांनी टाकलेली, वडिलांनी टाकलेली, असं करत तो थर फूट-दोन फूट होतो. उन्हाळ्यात घर गार राहतं, आमच्याकडच्या ४२-४३ डिग्रीत त्याचं सुख काय ते राहिलेल्यालाच कळतं. पण जमीन आडवी हलली की बाहेरचा थर बाहेर फुगून कोसळतो, आतला आत कोसळतो, आणि वरची कित्येक टन माती झोपलेल्यांच्या अंगावर. लाकडी सांगाडा कितीतरी ठिकाणी तसाच उभा राहिला, आजूबाजूच्या भिंती मात्र ढिगारा. ज्यांनी नंतर पाहणी केली त्यांनी हे वारंवार लिहून ठेवलंय, आणि आमच्या घरातली मोठी माणसंही तेच सांगायची, माणसं दगडाने कमी आणि मातीने जास्त गेली, श्वास कोंडून.

त्यामुळे जेव्हा कोणी म्हणतं ना, "६.२ म्हणजे काय फार मोठा नव्हता, जपानमध्ये असे नेहमी होतात," तेव्हा मला ते सहन होत नाही. मॅग्निट्यूडच्या हिशेबाने बरोबर आहे, जपानमध्ये ६ चे भूकंप नवीन नाहीत. पण किल्लारीला बसलेला हादरा जमिनीखाली जेमतेम काही किलोमीटरवर तुटलेल्या खडकाचा होता, गावाच्या बरोबर पायाखाली. खोल समुद्रातल्या ६.२ ची आणि याची तुलनाच होत नाही.

आणि गंमत अशी की जपानमध्ये लोक हा घोळ करतच नाहीत. तिथे भूकंप झाला की टीव्हीवर आधी शिंदो येतो, म्हणजे त्यांची इन्टेन्सिटी, शून्य ते सात, त्यातल्या पाच आणि सहाचे खालचा-वरचा असे दोन-दोन भाग. नकाशावर प्रत्येक गावाच्या नावावर आपापला आकडा. तुमच्या गावात ४, शेजारच्या शहरात ५ खालचा. मॅग्निट्यूड नंतर. पूर्वी हा शिंदो हवामान खात्याची माणसं स्वतः अनुभवून ठरवायची, १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर, १९९६ पासून तो पूर्णपणे यंत्रांवरून ठरतो. गावोगाव यंत्रं आहेत म्हणून एक-दोन मिनिटांत कळतं कुठे मदत आधी पाठवायची. आपल्याकडे किल्लारीच्या वेळी मॅग्निट्यूड कळला होता पण नेमकी कुठली गावं गेली हे कळायला सकाळ उजाडावी लागली, माणसं जाऊन बघेपर्यंत.

आता तो अरुंद बोळ. इन्टेन्सिटी नेहमी केंद्रापासून लांब गेलं की कमीच होते असं नाही. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत ८ चा भूकंप झाला. मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. पण ते शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलंय. त्या मऊ गाळाने विशिष्ट लयीतल्या लाटा पकडून मोठ्या केल्या, आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या ज्या इमारती त्याच लयीत डोलतात त्याच जास्त करून कोसळल्या. त्यांच्या शेजारी दोन मजली घरं आणि अगदी उंच टॉवर उभे राहिले. किनाऱ्यावरच्या कडक खडकावरच्या गावांपेक्षा राजधानीत विध्वंस जास्त. भुजच्या वेळी अहमदाबादचं असंच काहीसं झालं, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब, तरी साबरमतीच्या गाळावर उभ्या असलेल्या कित्येक अपार्टमेंट बिल्डिंगा पडल्या. त्यातल्या बऱ्याच खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर फ्लॅट अशा होत्या. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी आपल्या बिल्डिंगच्या खाली जाऊन एकदा बघावं, तिथे भिंती आहेत की नुसते खांब.

उलट पालघर बघा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात धुंदलवाडीच्या आसपास धक्क्यांची मालिका सुरू झाली, बहुतेक दोन-तीनचे, मोठे चारच्या आसपास. दिल्लीत बसून यादी वाचली तर किरकोळ. पण ते इतके उथळ होते की जमिनीतून स्फोटासारखा आवाज यायचा, घरांना तडे जायचे, लोक थंडीत लेकरांना घेऊन बाहेर झोपायचे. त्यांना "अहो, फक्त ३.६ होता" असं सांगणं म्हणजे त्यांच्या प्रश्नाला भलतंच उत्तर देणं. त्यांचा प्रश्न इन्टेन्सिटीचा होता.

सरकारी नकाशांचंही हेच. भूकंपाचे झोन आपण ऐकतो, दोन, तीन, चार, पाच. कितीतरी वर्षं या झोनमागचा आधार मॅग्निट्यूड नव्हता, त्या त्या भागात कमाल किती इन्टेन्सिटी येऊ शकते हा होता. ढोबळमानाने झोन तीन म्हणजे सात, झोन चार म्हणजे आठ, झोन पाच म्हणजे नऊ आणि वर. ९३ साली लातूर झोन एकमध्ये होतं, म्हणजे सगळ्यात सुरक्षित. २००२ मध्ये झोन एकच काढून टाकला, देशात कुठेही शून्य धोका नाही म्हणून, आणि लातूरचा भाग तीनमध्ये आला. घर बांधताना इंजिनिअर जो हिशेब करतो तो या झोनवरून, त्यामुळे त्याला 'इथे किती रिश्टरचं घर बांधलंय' हे विचारून काही उपयोग नाही. विचारायचं ते हे की दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा आडवा पट्टा सलग फिरवलाय का, कोपऱ्यात उभ्या सळया आहेत का, आणि दगडी भिंत असेल तर आरपार दगड ठराविक अंतरावर घातलेत का. जुनं माळवद असेल तर वरची जादा माती उतरवून घेतली तरी खूप फरक पडतो. हे सगळं खर्चिक नाही. जमिनीखाली किती मोठा खडक तुटणार ते आपल्या हातात नाही. हादरा आल्यावर भिंत आत पडणार की उभी राहणार हे मात्र गवंड्याच्या आणि आपल्या हातात आहे.

पेपरवाल्यांना माझी विनंती एवढीच की मॅग्निट्यूडला मॅग्निट्यूडच लिहा, सरळ देवनागरीत. लोकांना कळतं. 'तीव्रता' हा शब्द गावात काय जाणवलं त्यासाठी मोकळा ठेवा. आणि बातमीत एक ओळ जास्त घाला, कुठल्या गावात काय झालं, कुठे कपाटं हलली, कुठे भिंतींना तडे गेले, कुठे कोणाला पत्ताच लागला नाही.

आणि तुम्ही जर हिंगोली, नांदेड, लातूर, सातारा, पालघर कुठेही असाल आणि पुढचा धक्का जाणवला, तर घरातले सगळे सुखरूप आहेत हे बघून झाल्यावर पाच मिनिटं काढून लिहून ठेवा. वेळ काय होती, तुम्ही कुठल्या मजल्यावर होता, बसला होतात की चालत होतात, पंखा-दिवा झुलला का, भांडी नुसती वाजली की पडली, भिंत कशाची आहे आणि तडा कुठे गेला, आवाज आला का. अमेरिकेच्या यूएसजीएसच्या, म्हणजे त्यांच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या वेबसाइटवर जगातल्या कुठल्याही भूकंपासाठी असा फॉर्म आहे, भारतातूनही भरता येतो, सोपे प्रश्न आहेत, आणि तुमच्यासारख्या लोकांच्या उत्तरांवरूनच तिथे तुमच्या गावाची इन्टेन्सिटी नकाशावर येते. जाणवलं नसेल तरी भरा, 'जाणवलं नाही' हीसुद्धा नोंदच असते.